विजेऱ्यांचा वाद

मनुष्यास कोणत्या वस्तूचा छंद लागेल याचा नेम नाहीं. कोणी तिकिटें जमवितो, कोणी नाणीं जमवितो. आमच्या ओळखीचे एक सद्गृहस्थ आगपेट्यांवरचीं चित्रें जमवीत असत. परंतु विजेऱ्या जमविणारे लोकहि जगांत आहेत, छापाछापांवरून त्यांच्यांत पक्ष पडतात, आणि ते पक्ष एकमेकांशीं तासचे तास वाद घालतात, हें आम्हांस दोन वर्षांपूर्वीं ठाऊक नव्हतें. तें ज्ञान आम्हांस आमच्याच शाळेच्या ओसरीवर झालें. मात्र त्याची किंमत आमच्याऐवजीं दुसऱ्याच एका गृहस्थास भरावी लागली. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणें आमचें कर्तव्य आहे असें वाटून हा लेख लिहीत आहों.

आमच्या लहानपणीं घरांत विजेरी एकच असे. ती पितळेची, तीन सेलांची, वडिलांच्या उशाशीं भिंतीस टांगलेली. मुलांनीं तिला हात लावूं नये असा दंडक होता. कारण सेल महाग, आणि केवळ उजेड पाहण्यासाठीं उजेड पाडणें ही त्या काळीं उधळपट्टी समजली जाई. सेल मंदावले म्हणजे आई ते दुपारच्या उन्हांत ठेवी, आणि मग ते आणखी एक-दोन रात्री कसेबसे काढीत. पावसाळ्यांत विसरून राहिलेले सेल पाझरत व पितळेला आंतून हिरवा थर चढे. असें कां होतें हें पुढें कळलें. त्या सेलाचें जस्ताचें भांडें हाच त्याचा एक ध्रुव असतो; वीज देतां देतां तें जस्तच खर्चीं पडतें, भांडें झिजतें आणि आंतला ओलावा बाहेर येतो.

विजेरीचा इतिहासहि फार जुना नाहीं. फ्रान्समधील लेक्लांशे यानें १८६६ मध्यें जो सेल केला तो कांचेच्या बरणींतला व ओला होता. तो हातीं घेऊन रानांत हिंडण्याची सोय नव्हती. १८८६ मध्यें जर्मनीच्या गासनरनें कोरडा सेल सिद्ध केला, आणि १८९९ च्या जानेवारींत अमेरिकेंत डेव्हिड मिसेल यास नळींत सेल भरून पुढें दिवा बसविण्याच्या युक्तीचें पेटंट मिळालें. पहिल्या विजेऱ्या क्षणभर चमकून विसावा मागत, म्हणूनच इंग्रजींत त्यांस 'फ्लॅशलाइट' हें नांव पडलें असें सांगतात. पुढें पुष्कळ वर्षें सुधारणा सावकाश होत गेल्या. खरी उलथापालथ केली ती दोन शोधांनीं. एक निळ्या प्रकाशाचा डायोड, ज्याच्या आधारें पांढरा एल.ई.डी. दिवा निघाला व ज्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरा लिथियम-आयन सेल, जो १९९१ मध्यें बाजारांत आला व ज्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ चें पारितोषिक मिळालें. पहिल्यानें थोड्या विजेंत पुष्कळ उजेड दिला. दुसऱ्यानें बोटाएवढ्या नळींत पुष्कळ वीज कोंडली. आमचा वाद या दुसऱ्याच्या पोटांतून निघाला.

वादी-प्रतिवादी दोघेहि आमच्या प्रेमाचे. एक आमचे विज्ञानाचे सहकारी, आणि दुसरा त्यांचाच माजी विद्यार्थी, जो आज तालुक्याच्या गांवीं विजेच्या उपकरणांचें दुकान चालवितो. शनिवारीं सायंकाळीं तो नव्या विजेऱ्या पिशवींत घालून येई, मग दोघे ओसरीवर बसून त्यांचीं अंगें खोलीत, भिंगें न्याहाळीत आणि भांडत. वरच्या वर्गांतील चार-दोन मुलें कडेला उभीं राहून ऐकत. वादाचा विषय झालेल्या छापाचें नांव आम्ही येथें देत नाहीं; एवढेंच सांगतों कीं विजेरी स्वस्त होती, दिसण्यांत देखणी होती, आणि तिच्या खोक्यावर 'एक लाख लुमेन' व 'पल्ला दीड हजार मीटर' असें सोनेरी अक्षरांत छापलेलें होतें.

"सर, एवढ्या पैशांत एवढा उजेड दुसरा कोण देतो?" असें माजी विद्यार्थी म्हणे.

"अरे, आंकडा छापायला शाई लागते, उजेड पाडायला वीज लागते," असें सहकारी उत्तर देत.

आम्ही भाषेचे शिक्षक. विज्ञानांत आमची गति बेताची. पण एका रात्रीं त्या तरुणानें पटांगणांतून समोरच्या टेकडीवर झोत टाकला, आणि टेकडीवरचें एकटें कडुनिंबाचें झाड अंधारांतून एकदम पुढें आलें, तेव्हां मुलांबरोबर आमच्याहि तोंडून "वाहवा!" निघाली. आम्ही त्या छापाच्या पक्षाचे झालों. सहकारी कांहींतरी गुणाकार-भागाकार सांगत होते, तो आम्हीं ऐकलाच नाहीं. डोळ्यांनीं पाहिल्यावर हिशेब कशाला हवा, असें आम्हांस वाटलें.

पुढच्याच आठवड्यांत आमच्या वसतिगृहांतील एका मुलाचे वडील त्यास भेटावयास आले. ते ऊंस पिकवितात. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सांगावयास नकोच कीं, शेतीच्या विजेची पाळी पुष्कळदां रात्रीची असते, आणि वीज येईल तेव्हां पाणी द्यावें लागतें. उसांत बिबट्या असतो, बांधावर साप असतो. भारतांत २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें दगावलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य खेड्यांतलीं. अशा माणसाच्या हातांतील विजेरी म्हणजे त्याच्या हातची काठीच होय. त्यांनीं सहज विचारलें, "सर, बॅटरी घ्यायची आहे. कोणती घेऊ?" आणि आम्हीं, शिक्षकाच्या अधिकारानें, क्षणाचाहि विचार न करितां त्या छापाचें नांव सांगितलें.

दीड महिन्यानें ते पुन्हां आले. हातांत पत्र्याचा डबा होता. डब्यांत ती विजेरी, काळवंडलेली.

त्यांनीं जें सांगितलें तें असें. विजेरी पहिल्यापासूनच संध्याकाळीं झगझगीत पेटे आणि मध्यरात्रीच्या सुमारास म्हातारी होई. एका रात्रीं दोन वाजतां, ते बांधावर असतांना, ती अजीबात विझली. काळोखांत चार पावलें टाकलीं तोंच पायाशीं कुकरच्या शिटीसारखा फुत्कार झाला. ती घोणस होती. घोणस ओरडते म्हणून माणूस थांबतो. दुसरा साप असता तर त्यानें तेवढीहि सूचना दिली नसती. ते जागच्या जागीं उभे राहिले, आणि शेजारच्या शेतांतून कोणी कंदील घेऊन येईपर्यंत तसेच उभे होते. सकाळीं त्यांनीं विजेरी भरण्यास लाविली व ते निजले. थोड्या वेळानें सूं असा आवाज झाला, उग्र वास सुटला, आणि जागे होऊन पाहतात तों विजेरीखालची घोंगडी जळत होती. घरांत धाकटी मुलगी होती. कोणास इजा झाली नाहीं, ही ईश्वराची कृपा.

आम्हांस शब्द सुचेना. आम्ही म्हणालों, "दादा, चूक आमची झाली. पैसे आम्ही भरून देतों."

ते म्हणाले, "पैशासाठी न्हाई आलो, सर. आमच्या पोराकडंबी हीच बॅटरी हाय. तो उशाखाली घेऊन झोपतो. तेवढी काढून घ्या."

त्या रात्रीं सायंप्रार्थनेनंतर आम्हीं व वसतिगृहाच्या अधीक्षकांनीं मुलांच्या पेट्या पाहिल्या. त्या छापाच्या अकरा विजेऱ्या निघाल्या. एका शिक्षकाच्या तोंडची 'वाहवा' किती दूर जाते तें त्या रात्रीं आम्हांस दिसलें. विजेरीच्या झोताहूनहि ती दूर गेली होती.

मग जो गुणाकार-भागाकार आम्हीं ऐकला नव्हता तो ऐकावयास आम्ही प्रयोगशाळेंत जाऊन बसलों. सहकाऱ्यांनीं फळ्यावर मांडलेला हिशेब आमचे आठवीचे विद्यार्थीहि करूं शकतील. घरांतला नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा सुमारें नऊशें लुमेन उजेड देतो. म्हणजे एका वॅटास शंभर. एक लाख लुमेन पाहिजेत तर हजार वॅट लागतील. विजेरींतील सेल अठरा मिलिमीटर जाड व पासष्ट मिलिमीटर लांब, म्हणून त्यास '१८६५०' म्हणतात. असा उत्तम सेल ३.६ व्होल्टचा व साडेतीन हजार मिलिॲंपियर-तासांचा, म्हणजे साडेबारा वॅट-तासांचा असतो. हजार वॅटांच्या दिव्यास तो पाऊण मिनिट पुरेल!

पल्ल्याचा हिशेबहि असाच. विजेऱ्या मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत अमेरिकेंत २००९ मध्यें ठरली. झोत जेथें पाव लक्स, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो तेथें पल्ला संपला असें ती धरिते. सहकाऱ्यांनीं दहा मीटरांवर प्रकाशमापक ठेवून पाहिलें. साठ लक्स भरले. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो, म्हणून पल्ला निघाला सुमारें एकशें पंचावन्न मीटर. खोक्यावर दीड हजार! आणि तासाभरानें पुन्हां मोजलें तेव्हां साठाचे बारा लक्स झाले होते.

शेवटीं त्यांनीं सेल तराजूंत घातला. या मापाचा चांगला सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. हा भरला तेहतीस. त्याच्या कागदावर मात्र ९,९०० मिलिॲंपियर-तास असें छापलें होतें, जें या आकाराच्या कोणत्याहि सेलास आजवर साधलेलें नाहीं. सेल अति भरूं नये, अति रिकामा होऊं नये, म्हणून चांगल्या विजेरींत जें रक्षक मंडल असतें त्याचा येथें पत्ता नव्हता.

माजी विद्यार्थ्यास बोलावलें. तो आला, डबा पाहिला, आणि बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, विजेरी खरी आहे, सेल नकली आहेत. मधल्या व्यापाऱ्यानें बदलले असतील. मूळ कंपनीचा दोष नाहीं." सहकारी म्हणाले, "मग खोक्यावरचे आंकडे कोणी बदलले?" यावर त्यास उत्तर सुचलें नाहीं. तथापि त्याच्याविषयीं एक गोष्ट आम्हांस अभिमानानें नमूद करावीशी वाटते. त्यानें त्या छापाच्या विकलेल्या विजेऱ्या, ज्या ज्या गिऱ्हाइकांचा ठावठिकाणा लागला त्यांच्याकडून, परत घेतल्या व पैसे दिले. लहान दुकानदारास हें सोपें नसतें. छापाचा दोष कोठें सुरू होतो आणि नकलेचा कोठें, यावर गुरुशिष्यांचा वाद अद्याप चालूच आहे. आणि तो चालावा असेंच आम्हांस वाटतें, कारण आतां तो तराजू व मापक मध्यें ठेवून चालतो.

आमच्या विद्यार्थ्यांस या अनुभवांतून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. लिथियमचा सेल उशाखालीं, अंथरुणावर किंवा सर्व घर निजलें असतां भरण्यास लावूं नका. फरशीवर, डोळ्यांसमोर ठेवा. सुटा सेल नाण्यांबरोबर वा किल्ल्यांबरोबर खिशांत टाकूं नका. धातूनें दोन्ही टोकें जुळलीं कीं तो तापतो. फुगलेला, चेपलेला, आवरण फाटलेला सेल वापरूं नका आणि केराच्या टोपलींतहि टाकूं नका. घेतांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण व तिच्याखालचा 'आर' अक्षरानें सुरू होणारा क्रमांक पाहा. तो खरा कीं खोटा हें ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या ॲपवर तपासतां येतें. आणि जेथें आंकडा फार मोठा दिसेल तेथें आधीं पाटी-पेन्सिल घ्या.

त्या पालकांनीं पुढें दुसरी विजेरी घेतली. ती सहकाऱ्यांनीं निवडून दिली; आम्हीं या वेळीं तोंड मिटून धरिलें. तिच्या खोक्यावर अवघे तीनशें लुमेन लिहिलेले आहेत. मागील महिन्यांत ते भेटले तेव्हां आम्हीं विचारलें, "कशी आहे, दादा? लांब उजेड पडतो का?"

ते हंसून म्हणाले, "लांबचं घेऊन काय करू, सर? मला पायाखालचं दिसाया पाहिजे, आणि पहाटंपर्यंत दिसाया पाहिजे."

ओसरीवरच्या वादांत इतक्या शनिवारीं हा प्रश्न आम्हांपैकीं कोणी विचारलाच नव्हता.