कुलवृत्तांत आणि पेशी

कुलवृत्तांत हा आपल्या ग्रंथव्यवहारांतील एक चमत्कारिक प्रकार आहे. आवडीनें विकत घेऊन तो कोणी वाचीत नाहीं. पण ज्या घराचा तो असतो त्या घरांत त्याला पोथीचा मान मिळतो. मूळ पुरुषापासून आरंभ करून पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशी शाखेमागून शाखा त्यांत पसरत जाते. कोण कोंकण सोडून घाटावर आला, कोणीं कोणत्या संस्थानांत चाकरी केली, कोण निपुत्रिक वारला, कोणाला दत्तक घेतलें, यांची बारकाईनें नोंद असते. आमच्या कुळाच्या अशाच ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति सध्यां छापली जात असून तिचीं मुद्रितें तपासण्याचें काम मजकडे आलें आहे. सेवानिवृत्त माणसाला दुसरा उद्योग नसतो अशी नातलगांची समजूत असते; ती मोडण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

योगायोग असा कीं, ज्या टेबलावर हीं मुद्रितें पडलेलीं असतात त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूस माझ्या मुलीची मुलगी आपलें जीवशास्त्राचें पुस्तक उघडून बसते. ती महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत आहे. एखादा भाग नीट समजला आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां ती तो मला समजावून सांगते. त्यामुळें गेले दोन महिने मी एकाच वेळीं दोन वंशावळी वाचीत आहें. एक आमच्या घराण्याची आणि दुसरी पेशींची.

दुसरीचा इतिहास मोठा रमणीय आहे. 1665 सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां त्याला मधमाशांच्या पोळ्यासारख्या लहान लहान खोल्या दिसल्या. त्यांना त्यानें खोलीचेंच नांव दिलें, आणि तेंच नांव आजही इंग्रजींत चालू आहे. वस्तुतः त्या खोल्या रिकाम्या होत्या. आंत राहणारा जीव केव्हांच निघून गेला होता, उभ्या होत्या त्या केवळ भिंती. पुढें 1838 व 1839 या दोन वर्षांत श्लायडेन आणि श्वान या जर्मन पंडितांनीं वनस्पति काय किंवा प्राणी काय, सर्वांचीं शरीरें पेशींचींच बनलेलीं आहेत असा सिद्धांत मांडला. तरी एक प्रश्न उरलाच होता. नवी पेशी येते कोठून? 1855 सालीं रुडॉल्फ विर्शो यानें त्याचें उत्तर एका वाक्यांत दिलें : प्रत्येक पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते.

हें वाक्य वरवर पाहतां साधें आहे. पण वंशावळीचीं मुद्रितें हातांत असतांना तें वाचलें म्हणजे मन थक्क होतें. आमच्या ग्रंथांत मूळ पुरुषाच्या वर कोरी जागा आहे, कारण त्याच्यामागची माहिती उपलब्ध नाहीं. पेशीच्या वंशावळींत मात्र अशी कोरी जागा कोठेंच असूं शकत नाहीं. माझ्या करंगळीच्या कातडींतील एखादी पेशी घ्या. तिच्यामागें तिची मातृपेशी, त्या मातृपेशीमागें तिची मातृपेशी, असें मागें मागें जातां आपण आईच्या उदरांतील एका पेशीशीं येतों. तेथून आईच्या आणि वडिलांच्या पेशींत शिरतों. आणि हा धागा कोठेंही न तुटतां निदान साडेतीन अब्ज वर्षें मागें जातो. मध्यें एक जरी दुवा निखळता, तरी हें वाक्य लिहिणारा हात अस्तित्वांत आला नसता. घराण्याच्या प्राचीनतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कीं दारांतल्या तुळशीचें घराणेंही तितकेंच प्राचीन आहे.

पेशींतून पेशींत जें जातें तें काय? 1869 सालीं फ्रीड्रिख मीशर हा तरुण स्विस वैद्य ट्यूबिंगेन येथें रुग्णांच्या जखमांवरच्या पट्ट्या गोळा करी आणि त्यांवरील पुवांतल्या पेशींचा अभ्यास करी. पेशींच्या केंद्रकांत त्याला एक अपरिचित द्रव्य सांपडलें. आज ज्याला आपण डीएनए म्हणतों तें हेंच. आनुवंशिकतेचा ठेवा याच द्रव्यांत असतो असें एव्हरी आणि त्याच्या दोघां सहकाऱ्यांनीं 1944 सालीं दाखविलें. रोझालिंड फ्रँकलिन हिच्या क्ष-किरण-छायाचित्रांच्या आधारानें वॉटसन आणि क्रिक यांनीं 1953 सालीं त्याची रचना उलगडली. दोन धागे एकमेकांभोंवतीं वळलेले, आणि त्यांवर अवघीं चार अक्षरें. एका धाग्यावरील अक्षरासमोर दुसऱ्या धाग्यावर कोणतें अक्षर यावयाचें तें ठरलेलें; म्हणून धागे उकलले तरी प्रत्येक धागा आपला हरपलेला जोडीदार पुन्हां घडवूं शकतो. आईबापांकडून मिळालेली मिळून अशी सुमारे 600 कोटी अक्षरांची पोथी आपल्या बहुतेक प्रत्येक पेशींत असते. तिचे धागे एकापुढें एक ठेवले तर लांबी दोन मीटर भरेल, आणि ती राहते मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांश रुंदीच्या केंद्रकांत.

या पोथीची भाषा वाचण्यांत आपल्या एका भूमिपुत्राचा मोठा वाटा आहे. हरगोविंद खुराना हे पंजाबांतील एका खेड्यांत जन्मले. अमेरिकेंत त्यांनीं जें संशोधन केलें त्याबद्दल त्यांना 1968 सालीं निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. या भाषेंत प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा असतो. चार अक्षरांपासून असे 64 शब्द होतात. त्यांतील 61 शब्द 20 अमिनो आम्लांचीं नांवें सांगतात आणि उरलेले तीन हे पूर्णविराम. केंद्रकांतील मूळ पोथी बाहेर नेत नाहींत. हव्या त्या भागाची नक्कल करून ती बाहेर पाठवितात, आणि रायबोसोम नांवाचे कारागीर ती शब्दाशब्दानें वाचून अमिनो आम्लांची माळ ओंवतात. ती माळ दुमडली म्हणजे प्रथिन तयार होतें. आपले केस, आपलें रक्त, अन्न पचविणारे रस, सर्वांमागें हाच कारखाना आहे.

मुद्रितें तपासणाऱ्या माणसाला यांतली एक गोष्ट फार जवळची वाटली. पेशी दुभंगण्यापूर्वीं पोथीची नक्कल करणारें प्रथिन स्वतःच मुद्रितशोधकही असतें. चुकीचें अक्षर बसलें तर तें थांबतें, मागें सरतें, अक्षर काढून टाकतें आणि पुढें चालूं लागतें. त्याच्या नजरेंतून निसटलेल्या चुका दुरुस्त करणारे आणखी निराळे शोधक मागून येतात. अखेर अब्जभर अक्षरांत एखादी चूक उरते. मी आतांपर्यंत दोनशें पानें तपासलीं आहेत, आणि हें वाचल्यापासून माझा अभिमान पुष्कळच उतरला आहे.

परंतु एक अक्षरही क्षुद्र नसतें. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या मजकुरांत एका ठराविक जागीं एक अक्षर बदललें कीं एका अमिनो आम्लाऐवजीं दुसरें येतें, आणि तेवढ्यानें तांबडी पेशी कोयत्यासारखी वांकडी होते. हाच सिकलसेल नांवाचा आजार. गडचिरोली, नंदुरबार या आपल्याच जिल्ह्यांतील किती तरी आदिवासी घरांत ही एका अक्षराची वेदना पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आईबाप दोघांकडूनही तें अक्षर आलें तर मूल आजारी पडतें. एकाकडूनच आलें तर तें बहुधा निरोगी राहतें, इतकेंच नव्हे तर हिंवतापाच्या घातक हल्ल्यापासून त्याचें कांहींसें रक्षणही होतें. ज्या प्रदेशांत हिंवतापाचें थैमान होतें तेथें हें अक्षर कां टिकलें, याचा उलगडा त्यांत आहे. ज्याला आपण कुळाचा दोष म्हणतों तो कधीं काळीं कुळाचें कवचही असूं शकतो.

आतां मला जें सांगावयाचें आहे त्याकडे वळतों. पेशींत केंद्रकाच्या बाहेर तंतुकणिका नांवाचे लहान लहान कण असतात. अन्नांतील शक्ति पेशीला वापरतां येईल अशा रूपांत आणून देणें हें त्यांचें काम. पेशीची चूलच म्हणाना. या तंतुकणिका एके काळीं स्वतंत्र जीवाणु होत्या आणि दुसऱ्या एका पेशीच्या पोटांत शिरून कायमच्या तिच्या झाल्या, हा विचार लिन मार्ग्युलिस या विदुषीनें 1967 सालीं नव्यानें आणि जोरानें मांडला. तो आतां सर्वमान्य झाला आहे. याची खूण अशी कीं, त्यांच्यापाशीं आजही त्यांची स्वतःची छोटी पोथी आहे : 16,569 अक्षरें आणि 37 जनुकें. आणि ही पोथी आपल्याला केवळ आईकडून मिळते. वडिलांच्या बीजांतील तंतुकणिका गर्भांत टिकत नाहींत. आईकडून मुलगा व मुलगी दोघांनाही ती मिळते; पण पुढें ती देते ती फक्त मुलगी. परक्या घरांत यावयाचें, त्या घराची चूल पेटती ठेवावयाची आणि माहेरची खूण लेकीच्या ओटींत घालावयाची, हा क्रम आपल्या वाचकांना नवा वाटूं नये.

एके दिवशीं हा भाग समजावून झाल्यावर नातीनें माझ्यासमोरचीं मुद्रितें ओढून घेतलीं आणि विचारलें, “आजोबा, या पुस्तकांत मी कोठें आहे?”

मी पान काढून दिलें. माझ्या नांवाखालीं तिच्या आईचें नांव एका ओळींत होतें, कंसांत सासरचें आडनांव होतें, आणि तेथें ती ओळ संपत होती. “तुझी नोंद तुझ्या वडिलांच्या कुळांत,” मी म्हणालों.

“आणि आजी?”

माझ्या पत्नीला दोन ओळी मिळाल्या आहेत : माहेरचें आडनांव, विवाहाचें साल, मृत्यूचें साल. तिला जाऊन सहा वर्षें झालीं.

नात क्षणभर त्या दोन ओळींकडे पाहत राहिली. मग परीक्षेंतील उदाहरण सोडवावें तशा स्वरांत म्हणाली, “म्हणजे पाहा, तुमच्या तंतुकणिका तुमच्यापाशींच थांबल्या. माझ्यांत आहेत त्या आजीच्या. तिच्या आईच्या, आणि तिच्या आईच्या.”

मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. जी गेली म्हणून मी गेलीं सहा वर्षें मानीत होतों, तिची चूल माझ्या समोर बसून धडा वाचीत होती. आणि चारशें पानांच्या ग्रंथांत त्या गोष्टीला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आमचे संपादक, माझे वडील चुलतबंधु, यांना मी हें सर्व बोलून दाखविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “तूं शास्त्र सांगतोस, तर शास्त्रच पाहूं. पुरुषांची ओळही पेशींत असतेच कीं.” हें खरें आहे. वाय नांवाचें गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातें, आणि आमचा कुलवृत्तांत म्हणजे एका अर्थीं त्या गुणसूत्राचें प्रवासवर्णनच आहे. बाकीच्या पोथीचा हिशेब निराळा. दहा पिढ्यांपूर्वींचे आपले पूर्वज मोजले तर 1,024 जागा भरतात, आणि मूळ पुरुष हा त्यांतील केवळ एक. मग मीं त्यांना चौथ्या पिढींतील पणजोबांचें पान दाखविलें. आमचे पणजोबा दुसऱ्या घराण्यांतून दत्तक आलेले. आमच्या शाखेंत ते वाय गुणसूत्र तेथेंच बदललें. पण याच पणजोबांनीं पडका वाडा उभा केला, दुष्काळांत भावकीला पोसलें, आणि आम्हीं सर्वांनीं ज्यांचें नांव अभिमानानें घ्यावें असा पुरुष ग्रंथांत दुसरा नाहीं. म्हणजे आमचें पुस्तक पेशींचें नव्हेच. जिव्हाळ्याचें आणि जबाबदारीचें आहे. तें तसें आहे याचा मला आनंद वाटतो. मात्र मग बायका कोठें गेल्या, हा प्रश्न अधिकच अवघड होतो. जिव्हाळ्यानें मोजलें तरी त्या आहेत आणि पेशींनीं मोजलें तरी त्या आहेत. वगळावें असें कोणतेंच माप उरत नाहीं.

संपादकांनीं बराच वेळ विचार करून सांगितलें, “पुरवणीला एक पान देतों. ज्याला जेवढीं नांवें ठाऊक असतील त्यानें तेवढीं द्यावीं.”

पत्नीच्या एक मावशी हयात आहेत; वय नव्वदीच्या पलीकडे. त्यांच्याकडे जाऊन मीं नांवें उतरून घेतलीं. बहिणीचें नांव त्यांनीं तत्काळ सांगितलें. आईचें सासरचें सांगितलें, आणि थोड्या विचारानें माहेरचेंही. आजीपाशीं त्या अडल्या. आजीच्या हातची चव त्यांना आठवत होती, तिचें लुगडें कोणत्या रंगाचें होतें तें आठवत होतें. नांव मात्र त्यांनीं कधीं ऐकलेंच नव्हतें. सारें घर तिला बय म्हणे.

तें पान आतां छापून आलें आहे. नातीपासून वर चढत गेलें कीं शेवटच्या ओळींत तेवढाच शब्द आहे. मुद्रित तपासतांना ती ओळ मीं पुन्हां पुन्हां पाहिली. अक्षरें दोनच आहेत, पण तीं चुकूं नयेत.