चैत्रांतील शाल

चैत्र लागला, अंगणांतील कडुलिंबास तांबूस पालवी फुटली, माजघरांत माठ आला, आणि नेमकी याच वेळीं आमच्या घरीं एक लोकरीची शाल पुरी झाली. वाचकांस या अकालीं उद्योगाचें हंसूं येईल. घरांतील तरुण मंडळींसहि तें आलेंच होतें.

शालीचा आरंभ आमच्या सौभाग्यवतींनीं मार्गशीर्षांत केला. तीहि आमच्या वडील भगिनी आक्का यांच्याकरितां. पुढें पौषांत आक्का छातीच्या दुखण्यानें अंथरुणास खिळल्या. रात्रीचीं जागरणें, औषधांच्या वेळा, यांत सुया फडताळांत पडून राहिल्या. आक्का उठून बसूं लागल्या तों माघ संपत आला होता.

ही शाल त्रिकोणी. मानेपाशीं मोजक्या टांक्यांनीं सुरुवात करावयाची व दर दोन ओळींमागें चार टांके वाढवीत जावयाचें, अशी तिची रीत. आम्ही संस्कृताबरोबर कित्येक वर्षें भूमितीचेहि तास घेतले असल्यामुळें स्वस्थ बसवेना. अशा त्रिकोणाचें क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून निम्मी लोकर संपते तेव्हां उंची मात्र १० पैकीं ७ हिस्से झालेली असते. उरलेल्या ३ हिश्श्यांसच बाकीची निम्मी लोकर लागावयाची! पाहणारास काम संपत आलेंसें वाटतें आणि विणणारीस तें संपतां संपत नाहीं, याचें कारण हें.

फाल्गुनांत ऊन तापूं लागलें तेव्हां सूनबाई म्हणाली, "आई, आतां राहूं द्या. पुढच्या हिंवाळ्यांत करा पुरी." मुलीच्या मनांत वांकडें कांहींच नव्हतें. पण 'पुढच्या हिंवाळ्यांत' हे शब्द ऐकतांच आमची दृष्टि आक्कांच्या खोलीच्या दाराकडे गेली. सौभाग्यवतींनीं उत्तर दिलें नाहीं. चष्मा पुसला आणि पुढची ओळ घेतली. अमरकोशांत कोळ्यास 'ऊर्णनाभ' व 'तंतुवाय' अशीं नांवें आहेत. त्या महिन्यांत घरीं आम्ही दोहोंचाहि अर्थ पाहिला.

शेवटची ओळ सैल हातानें बंद करावी लागते; नाहींतर कांठ आखडतो. मग शाल कोमट पाण्यांत भिजविली, न पिळतां पंचांत गुंडाळून दाबली, आणि गादीवर टांचण्यांनीं ताणून बसविली. ओला लोकरीचा तंतु ताण घेतो व वाळल्यावर बराचसा त्याच मापांत राहतो. जाळीची नक्षी उमलते ती यामुळेंच. श्रावणांत हें वाळवण दोन दोन दिवस ओलें राहिलें असतें; चैत्राच्या कोरड्या हवेंत सावलींतच सायंकाळपर्यंत काम झालें. उन्हाळ्याचा एवढा तरी उपकार.

दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या गारव्यांत आक्का ओटीवर बसल्या असतां सौभाग्यवतींनीं ती त्यांच्या खांद्यांवर घातली. आक्कांनीं कांठ बोटांनीं चांचपला. "वजन कांहींच नाहीं ग हिला," म्हणाल्या. ऊन अंगणांत उतरेपर्यंत त्यांनीं ती काढली नाहीं.

मग स्वतःच घडी घातली. "कडुलिंबाचा पाला खडखडीत वाळवून घाल हो, ओला घातलास तर डाग पडतील. कसर लागतां कामा नये. आणि ठेवायची ती माझ्याच ट्रंकेंत. कार्तिकांत मला शोधाशोध नको."

"बरं, वन्सं," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि पाला आणावयास अंगणांत उतरल्या.