नोट द्या, काका

दहा रुपयांच्या नाण्याची पत स्टेशनागणिक बदलते. हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसेल, पण मध्य रेल्वेवर रोज उभ्याने प्रवास करणाऱ्याला ठाऊक असतं. दादरला फुलवाला ते न बघता गल्ल्यात टाकतो. तेच नाणं घेऊन बदलापूरला उतरावं, कात्रपच्या शेअर रिक्षात बसावं आणि उतरताना पुढे करावं, तर रिक्षावाला ते बोटांत फिरवून परत हातावर ठेवतो. "नोट द्या, काका. हे इकडे चालत नाही." खोटं आहे का, विचारलं तर म्हणतो, "खोटं नाही हो. पण पुढे कोणी घेत नाही."

सगळेच असे नाहीत. पण दोन-चार जण भेटले की माणूस नाणी खिशात ठेवणं सोडतो आणि घरच्या डब्यात टाकू लागतो. मग ती आणखी दिसेनाशी होतात, आणि जे दिसत नाही त्याचा संशय वाढतो.

दहाचं दोन धातूंचं नाणं चलनात आलं २००९ साली. मध्ये पांढरा धातू, भोवती पिवळी कड. २०१०मध्ये रुपयाला नवं चिन्ह मिळालं, पुढच्या वर्षीपासून ते नाण्यावर आलं, आणि तिथेच घोळ सुरू झाला. चिन्ह असलेलं खरं की नसलेलं? दहा रेघांचं की पंधरा रेघांचं? नोव्हेंबर २०१६मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्यावर दोन आठवड्यांच्या आतच रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाची सगळी नाणी वैध आहेत. जानेवारी २०१८मध्ये पुन्हा सांगितलं की आजवर चौदा नमुन्यांची नाणी काढली आणि चौदाही चालतात. १४४४० या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की उलट फोन येई आणि बँक आपल्या नाण्याची साक्ष देई. आपल्याच पैशाची अशी फोनवर खात्री करून द्यावी लागणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. आणि चौदा नमुने काढलेच कशाला, हेही कोणीतरी विचारायला हवं होतं. नाणं ओळखीवर चालतं. त्याचा चेहरा सारखा बदलत राहिलात तर रिक्षावाल्याने संशय घेतला, यात त्याचं काय चुकलं?

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हेच नाटक उलट्या बाजूने झालं होतं. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, लोक चांदीचे रुपये वितळवू लागले, दडवू लागले, टांकसाळीला चांदी पुरेना. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने पंचम जॉर्जच्या चित्राची एक रुपयाची नोट काढली. खेड्यापाड्यांत तिला कोणी जवळ करेना. लोकांना बंदा रुपया हवा होता, दगडावर आपटला की खणखणणारा. नोट मोडायला गेलं तर सराफ बट्टा कापून घेत. तेव्हा लोक म्हणत होते, कागद नको, धातू द्या. आता आमचा रिक्षावाला म्हणतो, धातू नको, कागद द्या. दोघांचंही बरोबर. दोघांनाही कागदाशी वा धातूशी देणंघेणं नाही, पुढचा माणूस घेईल की नाही एवढंच ते पाहतात.

हे मला उल्हासनगरात कळलं. कॅम्प दोनमध्ये एका कापडाच्या पेढीवर मी बरीच वर्षं जमाखर्च लिहिला. त्या काळी सुट्ट्यांची एवढी चणचण असे की आमचे शेठ चिल्लर विकत घेत. शंभराची नोट द्यायची आणि पंचाण्णवची नाणी घ्यायची, पाच रुपये बट्टा. चिल्लर आणणारा माणूस ठरलेला असे, आणि त्याचा रुबाब सावकारासारखा. आता वारं फिरलं आहे. आज दुकानदाराकडे नाण्यांची पिशवी साचते आणि ती घेऊन तो बँकेत जातो, तेव्हा खिडकीतून उत्तर येतं, "आज मोजायला माणूस नाही." रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे की प्रत्येक शाखेने सर्व किमतींची नाणी स्वीकारलीच पाहिजेत. आदेश भिंतीवर असतो, माणूस मात्र जेवायला गेलेला असतो.

उल्हासनगरचं नाव घेतलं की जुन्या लोकांना 'मेड इन यूएसए' आठवतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. हात चालवायला शिकलेल्या या माणसांनी हुबेहूब परदेशी वाटणारा माल बनवला. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्यातूनच आला. पण नाणं की नोट या बाबतीत आपण खऱ्या यूएसएचीसुद्धा हुबेहूब नक्कल केली आहे, आणि तीही नेमकी त्याच्या चुकीची.

अमेरिकेने एक डॉलरचं नाणं लोकांच्या गळी उतरवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. १९७९मध्ये सुझन अँथनी या स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या बाईंचं चित्र असलेलं नाणं काढलं. ते पाव डॉलरच्या नाण्यासारखंच दिसे, लोक फसत. २००० साली सॅकाजाविया या मूलनिवासी तरुणीचं सोनेरी नाणं आलं, २००७पासून एकेका राष्ट्राध्यक्षाचं. लोकांनी घेतलं नाही. डिसेंबर २०११मध्ये चलनासाठी ती पाडणं थांबवलं, तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत सुमारे १४० कोटी नाणी पडून होती. माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याच्या हातात डॉलरचं नाणं आलं ते रेल्वेच्या तिकीटयंत्रातून सुट्टे म्हणून. त्याने ते आमच्या नातवाला खाऊ म्हणून दिलं. तिथे डॉलरच्या नाण्याचा उपयोग एवढाच.

आपल्याकडेही जानेवारी २०१८मध्ये मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळींना नाणी पाडणं थांबवायला सांगितलं गेलं. कारण काय, तर ठेवायला जागा उरली नव्हती.

दोन्हीकडचं कारण एकच. नाणं आणलं, नोट तशीच ठेवली. खिशात हलकी नोट मिळत असताना जड नाणं कोण बाळगेल? कॅनडाने १९८७मध्ये डॉलरचं नाणं काढलं आणि १९८९मध्ये डॉलरची नोट देणं बंद केलं. ब्रिटनने पौंडाचं नाणं १९८३मध्ये आणलं आणि नोट १९८८मध्ये रद्द केली. थोडे दिवस कुरकुर झाली, मग कॅनडाच्या लोकांनी त्या नाण्यावरच्या लून पक्ष्यावरून त्याला 'लूनी' असं लाडाचं नावही ठेवलं. आपणही हे एकदा केलं आहे. १९९४मध्ये रुपयाची नोट छापणं थांबलं, १९९५मध्ये दोन आणि पाचाची. एक-दोनची नाणी आज कोणी नाकारत नाही, कारण त्यांना पर्याय ठेवला नाही. पाचाची नोट पुढे पुन्हा छापली गेली. आणि मार्च २०१५मध्ये रुपयाची नोटही परत आली, ती थेट राजस्थानात नाथद्वाऱ्याच्या श्रीनाथजींच्या चरणी. माहितीच्या अधिकारात कळलं की तिच्या छपाईला तेव्हा एक रुपया चौदा पैसे लागत होते. त्याहून मौजेचं म्हणजे २०११च्या नाणे कायद्यात 'नाणं' या शब्दाच्या व्याख्येत ही एक रुपयाची नोटही धरली आहे. तिच्यावर सही वित्त सचिवांची असते, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची नव्हे. नाणी सरकार पाडतं, नोटा रिझर्व्ह बँक काढते. एका घरात दोन कारभारी असले की अर्धवट निर्णय व्हायचेच.

खर्चाचा हिशेब पाहू, कारण सगळे त्याचंच नाव घेतात. २०१८च्या सुमारास मुंबई टांकसाळीने दिलेल्या माहितीप्रमाणे दहाचं नाणं पाडायला ५ रुपये ५४ पैसे लागत. दहाच्या हजार नोटा छापायला २०२१-२२मध्ये ९६० रुपये लागले, म्हणजे नोटेमागे रुपयाही नाही. नोट स्वस्त, पण भाजीवालीच्या ओल्या हातातून, घामेजल्या खिशातून फिरून ती वर्षभरात चिंधी होते. नाणं दशकानुदशकं टिकतं. गणित नाण्याच्या बाजूने जातं खरं, पण त्यात एक मेख आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनिसांनी २०११मध्ये सांगितलं की नोटेऐवजी नाणं आणलं तर तीस वर्षांत ५५० कोटी डॉलर वाचतील. ही बचत मुख्यतः येणार होती ती नाणी लोकांच्या घरात पडून राहतात म्हणून. एका नोटेच्या जागी दीड नाणं लागतं, असं त्यांनी धरलं होतं. लोक नाणी डब्यात टाकतात आणि ती दर्शनी किमतीला विकल्याचा फायदा सरकारच्या खात्यात पडतो. थोडक्यात, माझ्या स्वयंपाकघरातला तो डबा म्हणजे मी सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे. हे कळल्यापासून मी त्या डब्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

नाणं नाहीसं झालं की काय होतं, हे आम्हा अंबरनाथकरांना वेगळं सांगायला नको. १९२४मध्ये इथे विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आला, गावाची एक ओळख त्यातून घडली. काडेपेटीची किंमत २००७मध्ये पन्नास पैशांवरून एक रुपया झाली आणि १ डिसेंबर २०२१ रोजी एकाची थेट दोन. मधला दर नव्हताच, कारण मधलं नाणं व्यवहारात नव्हतं. लोकलचं तिकीट पाचाच्या पटीत चालतं, तेही याच कारणाने. म्हणजे नाण्यांच्या पायऱ्या ठरवतात भाव किती उडी मारणार ते. उद्या एक-दोनची नाणीही अशीच दुर्लक्षाने गेली, तर कोथिंबिरीची जुडी पाचाहून कमी कधीच होणार नाही.

आणि एका माणसाचं या चर्चेत नाव निघत नाही. अंबरनाथ-बदलापूर लोकलमध्ये पासची पाकिटं, पिना विकणारे अंध विक्रेते तुम्ही पाहिले असतील. ते नोट अंगठ्याने मोजतात, नाण्याची कड नखाने चाचपतात. नव्या दहाच्या आणि वीसच्या नोटेत लांबीचा फरक आहे सहा मिलिमीटर. धक्काबुक्कीत, चालत्या गाडीत, एवढा फरक चाचपायचा. २०१९मध्ये जाहीर झालेल्या नव्या नाण्यांच्या मालिकेत वीसचं बारा कोनांचं नाणं आलं, ते या लोकांचा विचार करून. पण त्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर, दहाच्याएवढाच. कोन आहेत म्हणून निभावतं. तरी अँथनीबाईंचं नाणं कशाने पडलं हे आपल्या टांकसाळीला कोणी सांगितलं नसावं.

कोणी म्हणेल, आता क्यूआर कोड आहे, डबा बोलून सांगतो पैसे आले म्हणून, मग ही चिल्लर कशाला कवटाळता? मीही मोबाइलने पैसे देतो. पण पहाटे भाजी घेऊन कल्याणच्या बाजारातून येणारी बाई, जिचा फोन मुलाकडे असतो, तिला रोजची उलाढाल हातात लागते. तिच्या कनवटीला दहाची नाणी साचतात, घाऊक व्यापारी घेत नाही, बँक टाळते, आणि शेवटी ती कोणाला तरी शंभराची नव्वदला देते. बट्टा परत आला, फक्त आता तो गरिबाकडून कापला जातो. रिझर्व्ह बँकेने २०२३मध्ये बारा शहरांत नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला. क्यूआर दाखवायचा, नाणी घ्यायची. नाणी देणारं यंत्र! आमच्या बाईला हवं आहे घेणारं.

म्हणून माझं मत सरळ आहे. दहाची नोट छापणं थांबवावं आणि दहाचं एकच, न बदलणारं नाणं ठेवावं. पण त्याआधी प्रत्येक शाखेत नाणी मोजणारं यंत्र बसवावं आणि भाजीवालीची पिशवी त्याच दिवशी खात्यात जमा व्हावी. आधी खिडकी, मग नाणं, मग नोटेला निरोप. हा क्रम उलटा केला तर वाचलेला खर्च सरकारचा आणि कापलेला बट्टा तिचा. तोवर वाचकहो, एवढं करा. हजार रुपयांपर्यंतची नाणी घेणं कायद्याने बंधनकारक आहे. कोणी सुट्टे म्हणून दहाचं नाणं दिलं तर परत करू नका, घ्या आणि पुढच्याला द्या.