बर्फाच्या मुलखातलं उघडं रान

मैत्रिणींनो, दक्षिण ध्रुवाचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जिकडे पाहावं तिकडे पांढरंशुभ्र, जणू कुणी धुतलेली चादर अंथरून ठेवली आहे. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात तरी तसंच चित्र असतं. पण चादर म्हटली की ती सगळीकडे सारख्या जाडीची असते. अंटार्क्टिकाची चादर मुळीच तशी नाही. कुठे ती घर गिळून टाकते, तर कुठे पार उडून जाऊन खालचा काळा दगड उघडा पडतो. आणि हा फरक आपल्या देशाच्या माणसांना चांगलाच महागात पडला होता. त्याचीच हकीकत आज सांगते.

तुम्ही म्हणाल, कुठे आमचं वाशीम आणि कुठे अंटार्क्टिका! पण थोडा विचार करा. आपल्या जिल्ह्यात पडलेलं पावसाचं पाणी तरी एका दिशेने जातं का? पैनगंगेकडे वळलं ते गोदावरीत जातं, काटेपूर्णेला मिळालं ते पूर्णेतून तापीत. एका चढाच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक! रिसोडला झड लागावी आणि कारंज्याला कपडे वाळत असावेत, हेही आपण पाहतोच. बर्फाचंही तसंच आहे. तिथे मात्र चढउतारापेक्षा मोठा कारभारी आहे तो वारा.

अंटार्क्टिका आपल्या देशाच्या चौपटीहून मोठा. त्यातला शंभरातला अठ्ठ्याण्णव भाग बर्फाखाली, आणि त्या बर्फाची जाडी सरासरीने दोन किलोमीटरच्या घरात. पण गंमत ऐका. वाशीमला चांगल्या वर्षी आठशे मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस होतो. अंटार्क्टिकाच्या मधल्या उंच पठारावर वर्षभरात पडणारं हिम वितळवलं, तर त्याचं पाणी पन्नास मिलिमीटरही भरत नाही! म्हणजे आपण कोरडवाहू, तर ते वाळवंटच. हजारो वर्षांत जे थोडं थोडं पडलं ते वितळलं नाही, साचत गेलं, एवढंच. काटकसरीने संसार करणारीला हे वेगळं सांगायला नको!

आता वाऱ्याची करामत. पठारावरची हवा अतिशय थंड, म्हणून जड. ती उतारावरून समुद्राकडे घसरत येते आणि वाटेत भुसभुशीत हिम उचलून नेते. तुम्ही खळ्यावर धान्य उपणताना पाहिलं असेल. दाणे पायाशी पडतात, कुटार उडून लांब जातं आणि वारा मंदावेल तिथे त्याचा ढीग लागतो. हिमाचंही तसंच होतं. मोकळ्यावरून उडायचं आणि आडोसा मिळाला की बसायचं. अंगण झाडताना पाहा ना, मधली फरशी स्वच्छ असते आणि धूळ सापडते ती उंबरठ्याच्या कोपऱ्यात, नाहीतर तुळशीवृंदावनाच्या आड.

या वाऱ्यामुळे तिथे जमिनीचे कितीतरी प्रकार झाले आहेत. कुठे वाळूवर उठाव्यात तशा हिमाच्या टणक लाटा, ज्यांच्यावरून गाडी नेताना कंबर ढिली व्हावी. कुठे वरचं सगळं हिम झाडून नेल्यामुळे उघडा पडलेला निळा बर्फ, इतका कठीण की त्यावर विमानं उतरतात. आणि कुठे डोंगराचा काळा खडक. एकदा का खडक उघडा पडला की तो ऊन पितो, तापतो, मग आजूबाजूचं हिमही टिकत नाही. उलट ताजं हिम आपल्यावर पडलेल्या उजेडातला शंभरातला ऐंशी-नव्वद भाग परत फेकतं, म्हणून ते थंडच राहतं. काळ्या छत्रीखाली आणि पांढऱ्या पदराखाली उन्हाचा चटका वेगळा का लागतो, त्याचंच हे मोठं रूप.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली मोहीम गोव्याहून ६ डिसेंबर १९८१ ला निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर पोचली. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, हर्ष गुप्ता नेते असताना, तिथे आपलं पहिलं कायमचं ठाणं उभं राहिलं. नाव ठेवलं 'दक्षिण गंगोत्री'. याच मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया तिथे गेल्या: दगडांचा अभ्यास करणाऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या अदिती पंत. अदितीताईंचा जन्म आपल्या नागपूरचा, बरं का! पुण्यात शिकून, परदेशी डॉक्टरेट मिळवून त्या गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करीत होत्या. बाईमाणसाला असल्या ठिकाणी काय जमणार, असं म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर कशाला?

दक्षिण गंगोत्री उभी राहिली ती समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड पाटावर. जहाजातलं सामान उतरवायला ती जागा सोयीची. पण भोवती सगळं सपाट, आणि त्या सपाटीवर आडोसा एकच, तो म्हणजे खुद्द ठाण्याची इमारत! वारा तिला अडला की हातचं हिम तिथेच टाकून जाई. ढीग वाढत गेले आणि काही वर्षांतच राहतं घर बर्फात गाडलं जाऊ लागलं. घरात वाळवी लागली तर आपल्या जिवाला घोर लागतो. इथे तर छपरावर दर वर्षी नवा थर चढत होता आणि पळून जायला शेजार नव्हता. अखेर १९९० मध्ये तिथलं राहणं बंद करावं लागलं.

पण आपल्या मंडळींनी तोवर दुसरी जागा पाहून ठेवली होती. किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत शिर्माकर नावाचा उघड्या खडकांचा टापू आहे. सुमारे पस्तीस चौरस किलोमीटरचा हा टापू वारा झाडून-पुसून ठेवतो. शंभराहून अधिक तळी आहेत तिथे! १९८९ मध्ये तिथे 'मैत्री' हे दुसरं ठाणं उभं राहिलं, तेही खांबांवर, म्हणजे हिम खालून निघून जावं. समोरच्या तळ्याचं नाव 'प्रियदर्शिनी' आणि पिण्याचं पाणी त्यातलंच. पाण्याची ही सोय किती मोठी, ते तुम्हालाच कळेल. भुसभुशीत हिमाच्या दहा बादल्या वितळवाव्या तेव्हा पाण्याची एक बादली भरते, वर इंधन जळतं ते निराळंच. २०१२ मध्ये तिथून तीन हजार किलोमीटरवर तिसरं ठाणं 'भारती' झालं, तेही खांबांवरच.

चूक फक्त आपलीच झाली असं समजू नका. अमेरिकेने थेट दक्षिण ध्रुवावर १९५७ मध्ये बांधलेलं ठाणंही असंच गाडलं गेलं. २००८ मध्ये सुरू झालेलं त्यांचं नवं ठाणं उंच खांबांवर आहे, आणि बर्फ चढला की ते आणखी वर उचलता यावं अशी त्याची रचना आहे.

कुठे किती हिम साठलं, हे उपग्रहाच्या चित्रावरून पुरतं कळत नाही. म्हणून अभ्यासक काठ्या रोवून ठेवतात आणि पुढच्या खेपेला काठीचा किती भाग वर उरला ते मोजतात. साधाच हिशेब, पण मोलाचा. तिथला बर्फ घटला तर समुद्र चढणार. वाशीमपासून समुद्र लांब असला, तरी आपल्यापैकी कितीजणींच्या लेकी मुंबई-कोकणात नांदताहेत!

तेव्हा नवं घर बांधायला किंवा भाड्याने घ्यायला निघालात, तर खोल्या मोजण्याआधी एक करा. वैशाखातला वारा कुठून येतो, पावसाची झड कोणत्या भिंतीवर बसते आणि अंगणातलं पाणी कुठे साचतं, ते शेजारणीला विचारून घ्या. आणि उन्हाळ्यात गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. ताजं हिम ऊन परत पाठवतं, तसाच चुनाही बराचसा परत पाठवतो आणि खालच्या खोलीतली तलखी कमी होते.