पुढच्याची वाट, मागच्याची जबाबदारी

आपल्याकडील रस्त्यावर मागून येणारा हॉर्न वाजवतो आणि पुढच्याने बाजूला व्हावे अशी अपेक्षा धरतो. बर्फाच्या उतारावर याच्या उलट चालते. तेथे खाली, म्हणजे पुढे असलेल्या माणसाचा वाटेवर पहिला हक्क असतो; वरून येणाऱ्याने त्याला धक्का लागणार नाही असा मार्ग स्वतः शोधायचा असतो. पुढचा माणूस नवशिका असेल, अडखळत असेल, मध्येच वळण घेईल, हे सारे मागच्याने गृहीत धरायचे. कारण उघड आहे. स्की करणाऱ्याची नजर उताराकडे असते, पाठीला डोळे नसतात. ज्याला दिसते त्याने सांभाळावे, या एका विचारावर तेथील बहुतेक शिस्त उभी आहे.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे झाली. सर्वसामान्य स्कीकरांसाठी वर्तनाचे दहा नियम मात्र १९६७ मध्ये बैरुत येथील अधिवेशनात संमत झाले. (लेबनॉन म्हटल्यावर बर्फ कोणाच्या मनात येत नाही, पण तेथील डोंगरांवर स्कीइंग चालते.) हे नियम कोणत्याही संसदेने केलेले नाहीत. तरीही ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमध्ये अपघाताचा दावा उभा राहिला, की न्यायालय निष्काळजीपणाचे माप याच नियमांवरून काढते. व्यापारी घराण्यांना हे नवे वाटू नये. देशी भाषेतील हुंड्यांच्या बाबतीत १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही स्थानिक रूढीला हात लावला नव्हता. पिढ्यानपिढ्या पाळलेली रीत कायद्याइतकीच बांधून ठेवते, याचा अनुभव पेढीवर बसणाऱ्यांना आहेच.

दहापैकी काही नियम सांगण्याचीही गरज पडू नये असे आहेत. वेग आपल्या कुवतीत ठेवावा. अरुंद जागी किंवा पलीकडचे दिसत नाही अशा वळणावर थांबू नये. पडल्यास शक्य तितक्या लवकर वाट मोकळी करावी. फलक आणि खुणा मानाव्यात. पाचवा नियम मात्र वाचताना किरकोळ वाटतो आणि प्रत्यक्षात फार महागात पडू शकतो. वाटेवर शिरण्यापूर्वी, थांबल्यावर पुन्हा निघण्यापूर्वी आणि उताराच्या विरुद्ध वर सरकण्यापूर्वी वर व खाली दोन्हीकडे पाहावे, इतकेच तो सांगतो.

१ जानेवारी २००९ रोजी ऑस्ट्रियातील रिझनेरआल्म येथे जर्मनीच्या थुरिंगिया राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री डीटर आल्टहाउस यांची एका महिलेशी टक्कर झाली. दोन वाटा जेथे मिळतात, तेथून ते दुसऱ्या वाटेवर उताराच्या उलट दिशेने काही अंतर गेले होते. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, तिच्या डोक्यावर नव्हते. त्यांना गंभीर दुखापत झाली. ती महिला दगावली. मार्च महिन्यात ऑस्ट्रियातील न्यायालयाने त्यांना निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी धरले, ३३,३०० युरोंचा दंड केला आणि मृत महिलेच्या पतीला ५,००० युरो देण्याचा आदेश दिला. त्यांना अपघाताचे काहीही आठवत नव्हते. पद, प्रतिष्ठा, वर्षानुवर्षांचा सराव यांपैकी काहीही तेथे उपयोगी पडले नाही. ते कोणत्या दिशेने जात होते, एवढाच प्रश्न महत्त्वाचा ठरला.

अमेरिकेतही अशा खटल्यांचा निकाल वर कोण आणि खाली कोण यावर फिरतो. अभिनेत्री ग्विनेथ पॅल्ट्रो यांच्यावर यूटामधील २०१६ च्या टकरीबद्दल दावा झाला, तेव्हा ज्युरीने २०२३ मध्ये दावा करणाऱ्यालाच जबाबदार धरले. पॅल्ट्रो यांनी प्रतिदाव्यात एकच डॉलर मागितला होता आणि तो त्यांना मिळाला. दोन्ही बाजूंच्या वकिलांचे शुल्क किती झाले असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

शेवटचे दोन नियम माणुसकीचे आहेत. अपघात दिसला तर मदत करणे हे कर्तव्य आहे. जखमीच्या वरच्या बाजूला दोन स्की बर्फात फुलीसारख्या रोवण्याची रीत आहे, म्हणजे मागून येणारा दुरूनच सावध होतो. आणि टक्करीशी संबंधित प्रत्येकाने, नुसत्या साक्षीदारानेही, आपले नाव व पत्ता द्यायचा असतो. चूक आपली असो वा नसो. साक्षीला नाव लागू नये म्हणून गर्दीतून हळूच निघून जाण्याची सवय असलेल्यांना हा नियम जड वाटेल. इटलीने तर १ जानेवारी २०२२ पासून तेथील वाटांवर उतरणाऱ्याला दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा सक्तीचा केला आहे. सहलीच्या खर्चात हे कलम धरलेलेच बरे.

स्की पायाला न लावणाऱ्यांचाही या शिष्टाचाराशी संबंध येतो. स्वित्झर्लंडमध्ये टिटलिससारख्या ठिकाणी सहकुटुंब जाणारे कितीतरी असतात. छायाचित्रासाठी आखलेल्या वाटेच्या मधोमध उभे राहणे हा तेथे निव्वळ अजाणपणा मानला जात नाही. पायी चालणाऱ्याने कडेनेच जावे, असा सातवा नियम आहे. बुटांनी पडलेले खोल खड्डे नंतर गोठून घट्ट होतात आणि त्यांत स्की अडकून माणूस कोसळतो.

गुलमर्गला गोंडोलाच्या पायथ्याशी हीच गोष्ट अधिक सांभाळावी लागते. एकाच सौम्य उतारावर शिकाऊ मुले, ओढल्या जाणाऱ्या स्लेज, घोडे आणि भाड्याचे गमबूट घातलेली कुटुंबे एकत्र वावरतात. मुलांना घेऊन तेथे उभे राहायचे तर वरच्या बाजूकडे तोंड करून, कडेला उभे राहावे. रांगेत पुढच्याच्या स्कीच्या शेपटावर पाय पडला, तर लगेच क्षमा मागावी; त्या भाड्याने घेतलेल्या असतील, तर ओरखड्याचे पैसे त्यालाच भरावे लागू शकतात.