राखणदार
विसरभोळेपणाचे मला कौतुक आहे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस मला आपलासा वाटतो. पण आमच्या खापरखेड्यातल्या एका स्नेह्याचा विसर निराळा. नाव सांगत नाही. ऐन पन्नाशीत, पत्ते खेळताना डाव कुणाचा हे त्याला उमगत नाही. त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे, हे कळताच लोक म्हणाले, "केल्याचे फळ!"

खरी गोष्ट निराळीच आहे. हा विषाणू मेंदूतल्या मज्जापेशींना सहसा शिवत नाही. तो शिरतो रक्तातल्या राखणदार पेशींत, आणि त्यांच्याबरोबर मेंदूत पोचतो. तिथले राखणदारही मग जागे होतात नि जागेच राहतात. त्यांच्यातून झरणारी द्रव्ये शेजारच्या मज्जापेशींना पोळतात. २००४ पासून सरकार मोफत देत असलेल्या औषधांनी विषाणू दबतो. बुद्धीचा गंभीर ऱ्हास आता विरळा. पण धग पुरती विझतेच असे नाही. आमच्या वीजकेंद्राने दिवे लागतात, तशी राखही होतेच की!

स्नेही यंदा फराळाला यायचे विसरला, तर मीच चिवड्याचा डबा घेऊन जाईन. राखणदारांनीच ज्याचे घर पोळले, त्याला जाब कसला विचारायचा?