बनफशा

हैदराबादच्या नारायणगुड्यात माझी आते राहते. लग्न होऊन फोंड्याहून तिकडे गेली, त्याला पन्नास वर्षे होत आली. आपल्याकडे पडसे झाले की आले, मिरी, गवती चहा. आतेच्या काढ्यात मात्र ज्येष्ठमध आणि उन्नाबासोबत बनफशा पडतो. हैदराबादेत युनानीचा जोर मोठा, त्यामुळे ही वाळकी जांभळट फुले कुठल्याही जुन्या जडीबुटीच्या दुकानात मिळतात.

बनफशा म्हणजे रानातले व्हायोलेट. युनानीतले मूळ फूल सुवासिक व्हायोला ओडोराटाचे, पण हिमालयातल्या तिच्या बहिणीही त्याच नावाने विकल्या जातात. रोप जेमतेम वीतभर, पाने बदामाच्या आकाराची, पाकळ्या पाच. खालच्या पाकळीला मागे एक छोटी शेपटी असते, तिच्यात मध साठतो. वासाचीही गंमत आहे. त्यातले आयोनोन नाकाला थोडा वेळ बधिर करते. म्हणून वास आला म्हणेपर्यंत जातो आणि जरा थांबले की परत येतो.

तुम्ही म्हणाल, दख्खनच्या उन्हात याचे काय? पण तिथल्या माळावरही याच कुळातला रतनपुरुष उगवतो. चार पाकळ्या इवल्याशा, पाचवी गुलाबी-जांभळी नि फावड्यासारखी. लिनियसने १७५३ साली त्याला व्हायोलातच घातले होते.

मला मात्र भावली ती बनफशाची मिटलेली फुले. बहर ओसरल्यावर हे रोप पानांआड अशा कळ्या धरते, ज्या कधी उमलतच नाहीत. आतल्या आत परागण होते, बी धरते. बियांना चिकटलेल्या स्निग्ध खाऊसाठी मुंग्या त्या ओढून नेतात आणि रोप दुसरीकडे रुजते.

नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा आहे, १९४० साली सुरू झालेली. ज्यांच्या नावाची, ते केशवराव कोरटकर मराठी, हे आज तिथे किती जणांना ठाऊक असेल? आतेच्या मुलांचे शिक्षण तेलुगू-इंग्रजीत झाले. नातीला मराठी वाचता येत नाही, याची आतेला फार खंत. "माझ्यामागे या घरात मराठी संपली गो," म्हणते. पण तीच नात आजीला काढा देताना "फुंकून पी, आजी, पोळेल," असे म्हणाली, ते अगदी फोंड्याच्या हेलात! या हेलाला हैदराबादेत कोणी मास्तर नव्हता. मिटल्या कळीतही बी धरते, ते असे.